जुना वस्तरा परत चालू करताना लोक नेमकं कुठे चुकतात: पातं, लाकडी मूठ आणि कामाचा क्रम

ओळखीतले लोक जुने वस्तरे आणून देतात, "जरा बघ ना, याचं काही होतंय का", आणि त्यातले बरेचसे गंजाने नाही तर साफ करायच्या नादात खराब झालेले असतात. कोणी मूठ न सोडवताच पातं घासलेलं असतं, कोणी पाठ चकचकीत करता करता अर्धा मिलिमीटर उतरवलेली असते, कोणी आधी धार लावून मग पॉलिश केलेलं असतं म्हणजे धारेची सगळी मेहनत पाण्यात. लाकडी मूठ बनवणाऱ्यांनी तर बहुतेक वेळा मूठ जोडून झाल्यावर पॉलिश केलेलं असतं, त्यामुळे आतली बाजू कोरीच राहते, कारण एकदा पिन ठोकली की आत बोटही पोचत नाही. यातलं एकही काम वाईट नाही, चुकीच्या वेळी केलंय एवढंच. म्हणून खालचा क्रम मोडू नका, एखादा टप्पा तुमच्या वस्तऱ्याला लागूच नसेल तर सोडा, पण मागचा पुढे करू नका.

नावं आधी ठरवून घेऊ म्हणजे गोंधळ नको. पात्याची जाड कड ती पाठ, पातळ कड ती धार. पुढचं टोक, मागे जिथे धार संपते ती टाच, टाचेच्या मागे मान आणि तिच्याही मागे बोट टेकवायची वळलेली शेपटी. मुठीला दोन पट्ट्या असतात, एका टोकाला पातं ज्या पिनेवर फिरतं ती फिरती पिन, आणि दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचर.

१. पहिल्या दिवशी फक्त बघायचं

हातात आला की लगेच पॉलिश पेपर घ्यायचा मोह होतो, तो आवरा. चांगला उजेड, एक १० पट भिंग, मोजायला व्हर्निअर, एवढंच घेऊन बसा.

सगळ्यात आधी तडा शोधा. धार उजेडासमोर तिरकी धरून टाचेपासून टोकापर्यंत हळूहळू बघत जायचं, केसासारखी बारीक रेघ दिसली आणि ती धारेपासून पाठीकडे जात असेल तर तो तडा आहे, ओरखडा नाही. ओरखडा एकाच बाजूला दिसतो, तडा दोन्ही बाजूंनी एकाच जागी दिसतो. पातळ, पोकळ घासलेलं (म्हणजे दोन्ही अंगांनी खोलगट केलेलं) पातं असेल तर पाठीवर नखाने हलकी टिचकी मारा, चांगलं पातं छान नाद देतं, तडा असेल तर आवाज बसका येतो. धारेतला कपचा एखाद-दोन मिलिमीटरचा असेल तर घासून निघतो, पण तडा कितीही लहान असला तरी तो वस्तरा दाढीला वापरू नका. त्वचेवर चालवायची वस्तू आहे, इथे तडजोड नाही.

मग मोजमाप. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर सपाट टेकतात, म्हणजे धारेचा कोन तुम्ही हाताने धरत नाही, तो पाठीची जाडी ठरवते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात. समजा पात्याची रुंदी १६ मिमी आहे (जुन्या मापात हाच ५/८, इंचाचे आठ भाग धरून) आणि पाठ ४.५ मिमी जाड आहे, तर कोन साधारण १६ अंश येतो. तीच पाठ तुम्ही घासून ४ मिमीवर आणली तर कोन १४ अंशाच्या आसपास उतरतो, आणि मग धार लागते छान पण टिकत नाही, दोन दाढ्यांत बारीक कपचे पडतात. अशा वस्तऱ्याची पाठ आधीच्या मालकाने दगडावर खूप झिजवली असेल तर पाठीवर दोन्हीकडे रुंद चपटे पट्टे दिसतात. दोन्हीकडचे पट्टे सारखे असतील तर चालतं, एका बाजूचा खूप रुंद आणि दुसरीकडचा नावापुरता असेल तर पातं वाकडं आहे, धार लावताना त्रास देणार हे आत्ताच लिहून ठेवा.

मूठ कशाची आहे तेही आत्ताच ओळखा. हाताने जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, गंधकाचा आला तर कडक रबर. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाचे वायू सुटतात आणि पातं मुठीच्या आत जिथे बसतं नेमक्या तेवढ्याच भागात जबर गंज चढतो, अशी मूठ पुन्हा वापरू नका आणि घरातल्या बाकीच्या वस्तऱ्यांजवळही ठेवू नका.

इशारा: मूठ कशाची आहे ते बघायला तापवलेली सुई टोचायची हा सल्ला सर्रास दिला जातो. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. करू नका.

इशारा: जुन्या पाचरी बऱ्याचदा शिशाच्या असतात, करड्या, जड, नखाने खरवडल्या जाणाऱ्या. त्या कोरड्या घासायच्या नाहीत, हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि जेवायच्या टेबलावर हे काम अजिबात नको.

हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची मूठ असेल तर ती काढून नवी बसवायच्या भानगडीत पडू नका, कायद्याच्याही भानगडी आहेत, आहे तशी जपा.

२. धुणं

कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. लाकडी किंवा शिंगाची मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका, फक्त ब्रशने. आधी कोणी वापरलाय माहीत नसतं, रक्त लागलेलं असू शकतं, म्हणून धुतल्यावर पात्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. सेल्युलॉइड आणि लाखेच्या पॉलिशला मात्र अल्कोहोल लागू देऊ नका, खराब होतात. मग पूर्ण कोरडं करून तेलाचा हात.

३. मूठ सोडवणं

मूठ मूळची आहे, घट्ट आहे, पातं मधोमध बसतं आणि पिनेजवळ गंज नाही, असं सगळं जुळत असेल तर मूठ काढू नका, फटीतून तेलाचा दोरा फिरवून साफ करा. पण पातं ढिलं असेल, पिनेजवळ लाल पूड दिसत असेल किंवा नवी लाकडी मूठ बसवायचीच असेल तर पातं घासायच्या आधी मूठ निघाली पाहिजे. मूठ असताना घासलं की घाणीचं पाणी पिनेच्या भोकात जातं आणि सहा महिन्यांनी तिथूनच गंज डोकं वर काढतो.

आधी धारेवर दोन पदरी चिकटपट्टी. मग मुठीवरही पिनेच्या भोवती चिकटपट्टी लावा, कानस घसरली तर ओरखडा टेपवर जाईल. पिनेचं ठोकून चपटं केलेलं डोकं बारीक कानशीने एकाच बाजूचं उतरवायचं, वॉशर मोकळा होईपर्यंत. वॉशर काढून डबीत टाका, जुने घुमटाकार वॉशर नव्यापेक्षा देखणे असतात. आता एका फळीला ५ मिमीचं भोक पाडा, पिनेचं दुसरं डोकं त्या भोकावर येईल असं ठेवा आणि १.२ किंवा १.५ मिमीच्या पंचाने घासलेल्या बाजूने हलके ठोके द्या. निघत नसेल तर जोर वाढवायचा नाही, डोकं अजून शिल्लक आहे असा त्याचा अर्थ, पुन्हा कानस. पिन भोकाच्या आतही फुगलेली असू शकते, मग मधोमध खूण करून बारीक ड्रिलने थोडी पोकळ करायची.

इशारा: पट्ट्यांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. शिंग असो की लाकूड, ते पिनेच्या भोकातूनच फाटतं.

तपासणी: पातं, दोन पट्ट्या, पाचर, चार वॉशर. जुन्या पट्ट्या तुटक्या असल्या तरी टाकू नका, त्यांचाच नकाशा लागणार आहे.

४. पात्यावरचा गंज

पातं रात्रभर पातळ तेलात ठेवा. सकाळी लाल गंज मऊ झालेला असतो, साध्या दाढीच्या ब्लेडने जवळजवळ झोपवून हलकं खरवडलं की पापुद्र्यासारखा निघतो. त्यानंतर तेल आणि चार शून्याची, म्हणजे ०००० नंबरची स्टील वूल. पुष्कळ वस्तऱ्यांचं काम इथेच संपतं, आणि संपत असेल तर संपू द्या. जो काळसर रंग उरतो तो गंज नाही, पोलादावर वर्षानुवर्षं चढलेला थर आहे, तो पोलादाला काही करत नाही. मला स्वतःला असा काळवंडलेला पण स्वच्छ वस्तरा आरशासारख्या घासलेल्यापेक्षा जास्त आवडतो.

घासायचंच ठरवलं तर आधी धार मारून टाका, म्हणजे काचेच्या ग्लासच्या कडेवर धार एकदा-दोनदा हलकीच उभी ओढा. वाईट वाटतं पण पुढे धार नव्याने लावायचीच आहे. तरीसुद्धा टेप लावा, बोथट झालेलं इतकं पातळ पोलादही बोट कापतं.

पातं हवेत धरून घासायचं नाही. पोकळ घासलेलं पातं धारेजवळ कागदाइतकं पातळ असतं, बोटाने दाबलं की वाकतं आणि एखाद्या क्षणी तडकतं. सपाट लाकडी ठोकळ्यावर दुहेरी चिकटपट्टीने बसवा, धार ठोकळ्याच्या आत राहू द्या, आणि पेपर बुचाच्या तुकड्याला गुंडाळा. बूच पात्याच्या पोकळीत बरोबर बसतं, बोट बसत नाही. हाताची दिशा पाठीकडून धारेकडे, किंवा लांबीने, पण कधीही धारेकडून पाठीकडे नाही, घसरलात तर बोट धारेवर जाणार.

वॉटर पेपर ४०० पासून सुरू करा, नंतर ६००, ८००, १०००, १५००, २०००. खड्डे फार खोल असतील तरच २२०. पेपर पाण्यात साबणाचा थेंब टाकून ओला ठेवायचा. पहिल्या दहा मिनिटांत पेपरवरचं पाणी तपकिरी येतं, मग हळूहळू करडं होतं, आणि एकदा का ते शाईसारखं काळं यायला लागलं की समजायचं आता गंज संपला, आता तुम्ही चांगलं पोलाद घासताय. त्या क्षणी थांबून पातं पुसून बघायची सवय लावा. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधी आडवं तर पुढच्या पेपरला उभं, आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर उचलायचा नाही. लोक ४०० ला कंटाळतात आणि २००० ला तासभर घासत बसतात, तिथे ते ओरखडे निघतच नाहीत. वेळ घालवायचा तर पहिल्या दोन पेपरला.

सगळे खड्डे घालवायच्या मागे लागू नका. पात्याच्या मधल्या भागातल्या खड्ड्याने दाढीला काही फरक पडत नाही, तो घालवायला मात्र आजूबाजूचं सगळं पोलाद तेवढं खाली आणावं लागतं. धारेपासून २ मिमीच्या आतला खड्डा तेवढा महत्त्वाचा, कारण धार झिजत तिथे पोचली की कपचा पडणार.

पाठीवर पॉलिश पेपर मारायचा नाही. वर कोनाचं गणित दिलंय ते यासाठीच. पाठीवर गंज असेल तर स्टील वूल आणि मेटल पॉलिश, बस. सोनेरी नक्षी असेल तर तिच्यावर मेटल पॉलिशसुद्धा नको, तो सोन्याचा थर इतका पातळ असतो की कापडाने दोनदा रगडला तरी उडतो. मानेवरचा शिक्काही जपा, शेफील्ड (इंग्लंड), झोलिंगन (जर्मनी) वगैरे अक्षरं तिथेच असतात, आणि देशाचं नाव कोरलेलं असेल तर वस्तऱ्याचा काळ ओळखायला मदत होते, कारण १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं होतं. शिक्का पुसट झाला की ही सगळी माहिती गेली.

इशारा: मशीनवर बफ करताना धार काही सेकंदांत तापते. पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला उतरवलेलं असतं, त्याच्या पुढे गेलं की ते मऊ व्हायला लागतं. पिवळसर झाक दिसली तर २०० च्या पुढे गेलात, निळी दिसली तर ३०० च्या आसपास, आणि तेवढा भाग आता धार धरणार नाही. पातं उघड्या बोटांनी धरा, कोमट लागलं की पाण्यात. शिवाय फिरतं चाक पातं हातातून हिसकावून फेकतं, नवीन असाल तर मशीन नकोच.

व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. जाड हत्यारांना ती चालत असेल, वस्तऱ्याच्या धारेला नाही. आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं आणि सगळ्यात आधी सगळ्यात पातळ भाग खातं.

तपासणी: घासून झाल्यावर पुन्हा भिंग घेऊन तडा शोधा. गंजाखाली लपलेले तडे आत्ता दिसतात. दिसला तर मुठीची मेहनत वाचली.

५. लाकडी पट्ट्या बनवणं

लाकूड घट्ट, बारीक रेषांचं आणि पूर्ण वाळलेलं हवं. शिसव, अक्रोड, ऑलिव्ह, आबनूस ही चांगली. साग चालतो पण इतक्या पातळ कामाला तो जरा ठिसूळ पडतो. रेषा पट्टीच्या लांबीने सरळ गेल्या पाहिजेत, खास करून दोन्ही भोकांजवळ. सुंदर नागमोडी रेषांचा तुकडा बघून जीव जातो हे मान्य, पण नागमोड मधल्या भागात येऊ द्या, टोकाला नको.

इशारा: शिसवीच्या भुशाने बऱ्याच जणांना खाज येते, शिंका येतात. मास्क लावूनच घासा.

जुन्या पट्टीचा नकाशा जाड कागदावर काढा. जुनी पट्टी नसेल तर पातं कागदावर ठेवा, भोकात टाचणी रोवा आणि पातं फिरवून बंद स्थितीत आणा. धार पट्टीच्या कडेपासून निदान ३ मिमी आत राहिली पाहिजे, पाठ थोडी बाहेर, आणि टोक पाचरीपासून कमीत कमी ५ मिमी लांब. हे कागदावर चुकलं तर तयार वस्तरा बंद करताना दरवेळी टोक पाचरीवर आपटणार.

दोन्ही पट्ट्यांसाठी ३ मिमी जाडीचे तुकडे घ्या, दुहेरी चिकटपट्टीने एकमेकांवर चिकटवा आणि आकार द्यायच्या आधी भोकं पाडा. आकार आधी दिला तर पट्टी ड्रिलखाली सपाट बसत नाही आणि भोक तिरकं जातं. पिन १.६ मिमीची असते, ड्रिलही तेवढंच. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा, नाहीतर पलीकडून ढलपी उडते. भोक टोकापासून ६ मिमी तरी आत ठेवा. माझी पहिली शिसवीची पट्टी मी ३ मिमीवर भोक पाडून केली होती, दिसायला नाजूक म्हणून, आणि पिनेच्या शेवटच्या ठोक्याला 'टक' असा अगदी बारीक आवाज आला. वरून काही दिसेना. भिंगाखाली बघितलं तर वॉशरच्या खालून टोकापर्यंत सरळ रेषेत चिरलेली. आठ दिवसांचं फिनिश तिच्यावर आधीच चढलेलं होतं.

भोकं झाली की दोन्ही एकत्रच करवतीने कापा, कानशीने आकार द्या, मग वेगळ्या करा. बाहेरची बाजू गोलसर करत मध्ये २.५ मिमीपर्यंत आणा, टोकांना थोडी कमी. आतली बाजू सपाटच राहू द्या, काचेवर पेपर चिकटवून त्याच्यावर पट्टी फिरवली की हमखास सपाट होते.

आता पाचर, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पाचरीने पट्ट्यांना हलकासा ताण दिला पाहिजे, तो ताण पात्याला दोन्हीकडून धरून ठेवतो. जाड पाचर घातली तर पट्ट्या फाकतात आणि पातं डुगडुगतं. म्हणून ती मानेच्या जाडीपेक्षा बरीच कमी हवी, साधारण २ मिमी, आणि फिरत्या पिनेच्या बाजूला जाड, टोकाकडे निमुळती. बसवून उजेडासमोर धरा, पट्टी आणि पाचर यांच्यात उजेडाची फट दिसली तर अजून घासायची.

तपासणी: पिनांच्या जागी एम १.६ चे बारीक स्क्रू आणि नट लावून सगळं कोरडं जोडा. पातं उघडा, बंद करा, वीस वेळा. मधोमध बसतं? कुठे घासतं? टोक लागतं? जे काही दुरुस्त करायचं ते याच वेळी, फिनिश चढल्यावर कानस लावली तर सगळं पहिल्यापासून.

६. लाकडाचं फिनिश

सुटं करा. १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने. २२० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा आणि वाळू द्या, हात फिरवला तर खरखरीत लागेल, दबलेले तंतू उभे राहिलेले असतात. ४०० ने ते काढा आणि हेच पुन्हा एकदा करा. हा टप्पा गाळला तर पहिल्याच दाढीच्या पाण्याने ते तंतू फिनिशखालून उठतात आणि मूठ जुन्या चटईसारखी लागते.

शिसव, आबनूस, ऑलिव्ह यांसारख्या लाकडांत स्वतःचं तेल असतं, त्याच्यावर फिनिश धरत नाही, म्हणून लावायच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसून घ्या. फडक्यावर रंग येतो, घाबरू नका.

फिनिश कुठलं? लाखेचं पॉलिश दिसतं अप्रतिम पण ओलाव्याने पांढरं पडतं आणि अल्कोहोलने विरघळतं, आणि आफ्टरशेव्हमध्ये अल्कोहोलच असतं. वस्तऱ्याला नकोच. उरतात दोन रस्ते.

पहिला, तेलाचा. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) किंवा बॉइल्ड लिन्सीड (लवकर वाळणारं जवसाचं तेल). कच्चं जवसाचं तेल नको, आठवडे गेले तरी चिकट राहतं. फडक्याने लावा, वीस मिनिटं मुरू द्या, आणि मग वर राहिलेलं सगळं पुसून काढा, कोरड्या फडक्याला काही लागणार नाही इतकं. लोक इथेच चुकतात, जाड थर ठेवतात आणि तो वाळतच नाही. एका थरानंतर किमान २४ तास, शुद्ध टंग ऑइलला दोन-तीन दिवसही, असे पाच-सहा थर. मधे एकदा ६०० चा पेपर तेलातच ओला करून फिरवला की भुशाची आणि तेलाची लापशी लाकडाच्या छिद्रांत भरते आणि पृष्ठभाग काचेसारखा लागतो. शेवटच्या थरानंतर दोन आठवडे हात लावू नका.

इशारा: तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दुसरा, पातळ सुपरग्लूचा. पाण्याला सगळ्यात पक्का, एका दिवसात होतो, पण दिसायला जरा प्लॅस्टिकसारखा. टिश्यू पेपरच्या घडीने दोन-तीन थेंब एका दमात टोकापासून टोकापर्यंत ओढायचे, मागे वळायचं नाही, पुन्हा त्याच जागी फिरवलं की सुरकुत्या पडतात. आठ-दहा थर, मग ६०० पासून २००० पर्यंत ओलं घासून पॉलिश. वाफा डोळ्याला झोंबतात, खिडकी उघडी ठेवा, आणि कापूस किंवा सुती हातमोजे अजिबात नकोत, सुती कापडाशी सुपरग्लू तापतो, धूर येईपर्यंत.

रोज वापरणार असाल तर सुपरग्लू, हाताला लाकूड जाणवायला हवं असेल तर तेल आणि वर्षातून एकदा नवा हात. मी तेलवाला आहे.

आणि आतली बाजू! जेवढे थर बाहेर तेवढेच आत, भोकांत काडीने, कडांना, पाचरीलाही. दाढीचं पाणी आतच साचतं, आणि एकच बाजू बंद केलेली पट्टी दुसऱ्या बाजूने ओलावा पिऊन वाकते. पट्टी वाकली की पातं मधोमध राहत नाही आणि बंद करताना धार लाकडाला लागते.

७. पिन ठोकणं

पितळेची किंवा निकेल सिल्व्हरची (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) १.६ मिमी तार घ्या. आधी पाचरीचं टोक, मग फिरती पिन. धारेवर टेप. फिरत्या पिनेला मान आणि पट्टी यांच्या मध्ये दोन्हीकडे पातळ सपाट वॉशर, त्याने पातं लाकडावर घासत नाही.

तार भोकातून घाला, बाहेरचे वॉशर चढवा आणि दोन्हीकडे पाऊण मिलिमीटर बाहेर राहील एवढी कापून कानशीने सपाट करा. जास्त ठेवली तर ठोकताना आडवी वाकते, कमी ठेवली तर डोकं तयार होत नाही. छोटी गोल तोंडाची हातोडी, ५० ते १०० ग्रॅमची. पिन लोखंडाच्या ठोकळ्यावर टेकवा आणि हातोडी जवळजवळ स्वतःच्या वजनाने पडू द्या. मधोमध नाही, कडेकडेने गोल फिरत. आठ-दहा ठोके, उलटा करा, पुन्हा आठ-दहा. सुरुवातीला आवाज पोकळ येतो, वॉशर थरथरतो. डोकं बसायला लागलं की आवाज घट्ट आणि आखूड होतो, तिथून पुढे दोन-दोनच ठोके आणि दरवेळी पातं उघडून बघायचं.

तपासणी: वस्तरा उघडून आडवा धरा, पातं स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये, पण बोटाने सहज फिरलं पाहिजे. बंद करताना एका पट्टीकडे झुकत असेल तर आत्ता थोडं सुधारता येतं, पातं ज्या बाजूला झुकतंय त्याच्या उलट बाजूच्या डोक्यावर दोन-तीन ठोके देऊन बघा. तरी जमलं नाही तर पिन काढून नवी घाला. तार स्वस्त आहे, पट्ट्या नाहीत.

८. धार, सगळ्यात शेवटी

दगड आधी सपाट करा. पेन्सिलीने चौकटी काढा, ४०० च्या डायमंड प्लेटवर घासा, सगळ्या रेघा जाईपर्यंत. पाठीवर एक पदर इलेक्ट्रिकची टेप लावायची की नाही यावर लोक भांडतात, माझ्या मते जुन्या आणि झिजलेल्या पाठीला लावावी. लावली तर शेवटपर्यंत ठेवा आणि दगड बदलला की टेप नवी घ्या, मधेच काढली तर कोन बदलतो.

१००० च्या दगडावर खरं काम आहे. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करने रंगवा, पाठ-धार सपाट ठेवून दहा-बारा हात मारा, रंग कुठे राहिला ते बघा. टाचेला किंवा टोकाला राहिला असेल तर हात तिरका, टाचेकडून टोकाकडे सरकत न्या, दाब वाढवू नका. संपूर्ण लांबीत रंग जाऊन हाताचे केस कापले जाईपर्यंत १००० सोडायचा नाही. नंतर ३००० किंवा ५०००, मग ८०००, जमलं तर १२०००, आणि दरवेळी दाब कमी करत शेवटी फक्त वस्तऱ्याचं वजन.

मग धार परजायचा पट्टा. आधी कापडी बाजूवर तीसेक, मग चामड्यावर पन्नासेक हात, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाठीवरूनच वळवायचं, पाठ चामड्यावरून उचलायची नाही. धारेवरून वळवलात तर पट्टाही कापला आणि धारही गेली.

पहिली दाढी गालावरच करा, हनुवटी नंतर. पातं त्वचेशी ३० अंशाच्या आसपास. ओढतोय असं वाटलं तर पट्टा, तरी ओढला तर ८००० वर परत दहा हात.

दाढी झाली की पातं पुसा, पट्ट्यांच्या मधून टिश्यूची घडी ओढून घ्या आणि तासभर उघडाच ठेवा, ओला बंद करू नका. बाथरूममध्ये ठेवायचा नाही. रोज वापरत नसाल तर मिनरल ऑइलचा एक थेंब पात्याला आणि अर्धा थेंब फिरत्या पिनेला. नव्या लाकडी मुठीचा वस्तरा पहिल्या दोन आठवड्यांनी एकदा भिंगाखाली बघा, लाकूड जागेवर बसताना पिन किंचित सैल पडते, पातं ढिलं वाटलं तर टेप लावून दोन हलके ठोके द्या.